बॉनेटखालचा निळा रंग

पाल्मा सोरियानो,
रविवार, १४ ऑगस्ट

प्रिय ओरेस्तेस,

अक्षर ओळखून पाकीट न फोडताच चुलीत टाकायचा विचार असेल, तर दोन मिनिटं थांब. तिकडे कामाग्वेला येणाऱ्या बसचा ड्रायव्हर हे तुझ्याच हातात देईल. तसं मी त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं आहे, आणि वर कॉफीचं एक पुडकंही दिलं आहे. अकरा वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही. तू दोनदा फोन केलास, आणि दोन्ही वेळा आवाज ओळखून मी ठेवून दिला. आता लिहितोय ते गाडीबद्दल. हो, त्याच गाडीबद्दल. गाडीच्या विजेचं तुझ्याइतकं आपल्या भागात कुणाला कळत नाही, हे मी त्या दिवशीही मनातून नाकारलं नव्हतं. तोंडाने काय काय बोललो ते तुझ्या लक्षात असेलच. ते मला उगाळायला लावू नकोस, मी स्वतःच पुढे त्याच्यावर येणार आहे.

आधी दायामीचं सांगतो, कारण गाडी बाहेर काढली ती तिच्यासाठी. गेल्या डिसेंबरात तिच्या दोन्ही किडन्यांनी हात वर केले. सव्वीस वर्षांची पोर, कालपरवापर्यंत शाळेत मुलांना गणित शिकवत होती. आता सोमवार, बुधवार, शुक्रवार सांतियागोच्या मोठ्या इस्पितळात चार-चार तास मशीनला जोडलेली असते. एक खेप चुकली तर पाय सुजतात. दोन चुकल्या की उशाला तीन उशा घेऊनही श्वास पुरत नाही. तिसरी चुकली तर काय, हे डॉक्टरांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. इथल्या दवाखान्याने तिच्यासाठी टॅक्सी ठरवून दिली आहे, पण टॅक्सीला पेट्रोल कोण ठरवून देणार? जानेवारीत टॅक्सी लागोपाठ दोन वेळा आली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दायामीचे डोळे सुजून मिटले होते, आणि तरी ती मिर्ताला म्हणत होती, "आई, एवढं काही नाही." त्याच दिवशी मी छपरीत जाऊन गाडीवरची ताडपत्री ओढली.

दहा वर्षं गाडी तिथेच होती. मागच्या सीटवर कोंबड्यांनी संसार थाटला होता. पण इंजिन आपल्या बापाच्या हातचं, त्यामुळे टाकी धुतली, कार्ब्युरेटर धुतला, शेजारच्या ओदालिसच्या मेव्हण्याकडून बॅटरी मिळवली आणि चौथ्या झटक्याला ती सुरू झाली. थंडीचे महिने तिने साथ दिली. मे उजाडला आणि तिची नाटकं सुरू झाली. तुला लक्षणं सांगतो, वैद्याला सांगावीत तशी. पहाटे गार असताना चावी फिरवली की एका दमात सुरू. सांतियागोपर्यंत पंचेचाळीस किलोमीटर कुरकूर नाही. मात्र अँपियरचा काटा डावीकडे पडलेला, म्हणजे डायनमो फिरतोय पण बॅटरी भरत नाही. आणि तापलेलं इंजिन एकदा बंद केलं की संपलं. चावी फिरवली की स्टार्टर एकदा "टक्" म्हणतो आणि तोंड मिटून बसतो. पेट्रोलला थांबलो तरी तेच, इस्पितळाबाहेर चार तास उन्हात उभी राहिली तरी तेच. ऊन उतरलं की तीच गाडी शहाण्या मुलीसारखी सुरू होते. पण दायामीची मशीनवरची खेप संपते भर दुपारी.

मी काय काय केलं ते ऐकून तू कपाळावर हात मारशील. साखर कारखान्यातला फिटर मोंगो आठवतो ना, तो म्हणाला, "पेट्रोल उकळतंय रे तुझं. नळीला कपड्यांचे लाकडी चिमटे लाव, ते उष्णता ओढून घेतात." मी चौदा चिमटे लावले. मिर्ता म्हणाली, "माझे कपडे कुंपणावर आणि चिमटे गाडीला. वाळत घालतोयस का तिला?" शिवाय इंजिनाला पेट्रोल ओढून देणाऱ्या पंपावर ओलं फडकं, आणि वाटेत ते भिजवायला दायामीच्या पायाशी पाण्याची बाटली. स्टार्टरच फिरत नाही तिथे पेट्रोलचा काय संबंध, हे तू पहिल्या मिनिटाला म्हणाला असतास. मी तीन आठवडे चिमटे लावत बसलो. मग तेलाचा डबा फाडून स्टार्टर आणि एक्झॉस्टच्या मध्ये पत्रा बसवला. स्टार्टर दोनदा उघडला. कारखान्यातल्या मोठ्या मोटरचा कार्बन कानशीने घासून डायनमोला ब्रश बनवले. डायनमोची वीज बॅटरीकडे सोडणाऱ्या कटआउटचे पॉइंट साफ केले, पट्टा ताणला. ओदालिस कुंपणावरून विचारायची, "लादो, ही दुरुस्ती चाललीय की पोस्टमॉर्टेम?" सगळं उघडलं आणि सगळं परत लावलं. इंजिनापासून बॉडीला येणारी अर्थिंगची पट्टी आणि कटआउटची बैठक, एवढ्या दोनच जागांना हात लावला नाही. तिथले बोल्ट समोर दिसत होते आणि माझा पाना दर वेळी त्यांना वळसा घालून जायचा.

मग मी इंजिन बंद करणंच सोडून दिलं. चार तास इस्पितळाच्या अंगणात ते चालू ठेवायचं. कष्टाने जमवलेलं पेट्रोल धूर होऊन जाताना बघत बसायचं. पहारेकरी यायचा, "काका, आत आजारी माणसं आहेत, हा कारखाना बंद करा." त्याचंही बरोबर होतं. शेवटी मागच्या गल्लीतल्या उतारावर गेलो. तिथे आमच्यासारख्या जुन्या गाड्यांची रांगच असते. ब्रेक सोडायचा, गाडी घरंगळली की गिअर टाकायचा, की झालं काम. त्या गाडीवाल्यांचा एक नियम आहे. ज्याच्या घरचं माणूस आत मशीनवर आहे, त्याला उताराची सगळ्यात वरची जागा सोडायची. मला ती न मागता मिळायला लागली. पण उतार गाडीला सोयीचा, माणसाला तोच चढ. मशीनवरून उतरल्यावर दायामीच्या पायात त्राण नसतं, आणि तिला मी दंडाला धरून ती गल्ली चढवायचो. मध्ये दोनदा थांबायचो. ती म्हणायची, "बाबा, गाडीपेक्षा मीच लवकर तापते." मी हसायचो. घरी येऊन बाथरूमचं दार लावून रडायचो, हेही तुला सांगून टाकतो. तुझ्यापुढे आता कसली लाज.

२९ जुलैचा शुक्रवार. परत येताना रेल्वेच्या फाटकावर उसाची रिकामी गाडी रुळात अडकली होती, म्हणून सगळी वाहनं थांबली. जागा सपाट, माथ्यावर ऊन, सावलीला एक झाड नाही. इंजिन हळू चालत होतं, बॅटरीत जीव नव्हता. दोन आचके दिले आणि बंद पडलं. फाटक उघडलं, मागचे भोंगे वाजवायला लागले, पुढचे निघून गेले. दायामी मागच्या सीटवर डोळे मिटून पडली होती, कारण त्या दिवशी मशीनवर तिचं प्रेशर फार उतरलं होतं. मी दार उघडं ठेवून एका हाताने स्टीअरिंग धरलं आणि खांद्याने ढकलायला लागलो. एकसष्ट वर्षांचा माणूस आणि दीड टनाचं लोखंड. ती तसूभर हलेना. एक सायकलवाला मदतीला आला, तरी हलेना. आणि मग एकाएकी गाडी हलकी झाली, चालायला लागली. मी उडी मारून आत बसलो, गिअर टाकला, इंजिन पेटलं. आरशात पाहिलं तर सायकलवाल्याच्या शेजारी दायामी उभी होती. तिने दोन्ही हातांनी ढकललं होतं. डाव्या हातानेही, ज्या हातात त्या सुया जातात, ज्या हाताने पाण्याचा तांब्याही उचलायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलं आहे. पट्टी लाल झाली होती आणि कोपरावरून रक्त ओघळत होतं. मी धावलो, तर ती मला ओरडली, "बाबा, आधी गाडीत जा. बंद पडू देऊ नकोस तिला."

शर्ट काढून तिचा हात आवळला आणि गाडी उलटी फिरवून पुन्हा सांतियागो गाठलं. रक्त थांबवलं त्यांनी. पण दोन दिवसांनी त्या हातातली, मशीनच्या सुयांसाठी ऑपरेशन करून तयार केलेली शीर बंद झाली. तीन वर्षं टिकेल म्हणाले होते, सात महिन्यांत गेली. आता तिच्या मानेत नळी घातली आहे. या सगळ्याला कारण कोण, हा हिशेब मी तेव्हा मांडला नाही. तेव्हा मला फक्त गाडीचा राग आला होता.

दायामीला त्यांनी ठेवून घेतलं होतं. रविवारी मी घरी आलो, गाडी तापलेलीच होती, आणि मी अंगणातच बॉनेट उघडलं. तेव्हा मला तुझं बोलणं आठवलं. तू पंधरा-सोळाचा होतास आणि बापाला शहाणपण शिकवायचास, "स्टार्टर मारायचा आणि लगेच सगळ्या जोडांवरून हात फिरवायचा. जिथे चटका बसेल तिथे चोर." मिर्ताला चावी फिरवायला सांगितली. टक्. पुन्हा, पुन्हा, पुन्हा. मग मी हात फिरवला. बॅटरीचे दोन्ही जोड कोमट. स्टार्टरचा जोड कोमट. अर्थिंगच्या पट्टीच्या बोल्टला बोट लागलं आणि कातडी सोलून निघाली. आता मात्र वळसा घालायला जागा राहिली नव्हती. मी पाना लावला.

पट्टीखाली निळा रंग होता, ओरेस्तेस. आकाशी निळा, शाळेच्या बाकांना लावतात तो ऑइलपेंट, चार हात, काल लावल्यासारखा चकचकीत. लोखंडाला लोखंड कुठे टेकतच नव्हतं. वीज जात होती ती जेमतेम बोल्टच्या आट्यांतून, आणि आटे तापले की तीही नाही. मग कटआउट सोडवला. त्याच्या बैठकीखालीही निळा. म्हणजे बिचारा डायनमो बॅटरी भरत नव्हता याचं कारणही तेच. दोन्ही आजारांचं मूळ एक, आणि ते माझ्या ब्रशाने लावलेलं.

हे तुला नवीन नाही. तुला सगळं पहिल्या दिवसापासून माहीत होतं. दायामीचा पंधरावा वाढदिवस होता, तिचा झगा आकाशी, म्हणून गाडीही आकाशी. तिच्या भेटीदाखल तू गाडीचं सगळं वायरिंग नवं करून दिलंस, त्या दोन जागा कानशीने घासून लख्ख केल्यास, आणि जाताना मला म्हणालास, "लादो, रंगव हवी तशी, पण एवढ्या दोन जागांना ब्रश लावू नकोस." पण पंधराव्याला फोटो बॉनेट उघडून काढतात ना आपल्याकडे. पोरगी झगा पसरून गाडीला टेकणार, मागे इंजिन चमकणार, आणि मध्येच तुझे ते दोन उघडे भुंडे डाग. मला ते बघवेनात. पट्टी काढली, कटआउट काढला, खाली चार हात मारले, वर परत बसवलं. फोटो झकास आले. सहाव्या दिवशी आईच्या छातीत दुखायला लागलं. सांतियागोच्या वाटेवर रेडिएटरला पाणी घालायला मी गाडी बंद केली, आणि ती पुन्हा सुरू झाली नाही. चाळीस मिनिटं, ऑगस्टची दुपार. आई मागच्या सीटवर, माझ्या मांडीवर. ट्रक मिळेपर्यंत तिने माझं नाव घेणं बंद केलं होतं.

आईला ठेवलं होतं त्या खोलीत, सगळ्या गावासमोर मी तुला म्हणालो की तुझ्या वायरिंगने तिला मारलं. तू ओरडला नाहीस. तू मला एकच विचारलंस, "रंग देताना पट्टी काढली होतीस का?" आणि मी काय केलं? "आता स्वतःचं पाप रंगावर ढकलतोस?" म्हणून तुझ्या कानाखाली मारली. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली. लोकांनी तुला बाहेर नेलं, महिन्याभरात तू गाव सोडलंस, तुझ्या हातचं काम कुणी घेईना म्हणून. आता खरं सांगतो. मला त्याच क्षणी माहीत होतं. पूर्ण नाही, पण तुझ्या प्रश्नाला उत्तर देण्याऐवजी हात उचलला, तो माहीत असल्यामुळेच. म्हणून गाडीवर ताडपत्री टाकली. लोकांना वाटलं आईच्या दुःखाने टाकली. दहा वर्षं मी ते बॉनेट उघडलं नाही, आणि या मे महिन्यातही सगळं उघडलं, तेवढं सोडून. माझ्या पोरीने आठवडेच्या आठवडे तो चढ चढला, आपल्या हाताची शीर फोडून घेतली, कारण मला दोन बोल्ट सोडवायची भीती वाटत होती.

मी चाकू आणि काचकागद घेऊन दोन्ही जागा लोखंड दिसेपर्यंत खरवडल्या. निळा भुगा नखांत गेला. पट्टी आवळली, वर ग्रीस लावलं, गाडी फिरवून तापवली आणि भर उन्हात बंद केली. चावी फिरवली, सुरू. बंद, पुन्हा सुरू. नऊ वेळा. काटा उजवीकडे, हवा तिथे. मी चाकाशेजारी मातीत बसलो आणि गुरासारखा हंबरलो. मिर्ता धावत आली. "अरे, सुरू झाली ना? मग रडतोस कशाला?" मी तिला सगळं सांगितलं.  ती म्हणाली, "हे मला सांगून काय करू मी? ज्याच्या कानाखाली मारलीस त्याला सांग." दोन आठवडे झाले त्याला. तीन पत्रं लिहून फाडली. हे चौथं.

गाडीचं आता काहीच विचारायचं नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेलच. डिसेंबरात, पहिल्याच आठवड्यात, डॉक्टर मार्बेलिसने मला विचारलं होतं की रक्ताच्या नात्यातलं कुणी किडनी द्यायला आहे का. माझ्या प्रेशरमुळे मला त्यांनी घेतलं नाही, मिर्ताला साखरेमुळे. "तुम्हाला भाऊबहीण?" असं तिने विचारलं, आणि मी म्हणालो, "नाही, कुणी नाही." दायामी शेजारच्या खाटेवर होती. तिने ऐकलं आणि भिंतीकडे तोंड केलं. आता मानेतली नळी फार दिवस चालणार नाही, आणि दुसरी शीर धरेल याचा भरवसा डॉक्टर देत नाहीत. तुझा माझा रक्तगट एकच, लष्करातल्या कार्डावर होता तो, आणि तोच दायामीचाही. पट्टीखाली काय निघालं ते झाकून मी आधी एवढंच मागू शकलो असतो, आणि तू कदाचित पोरीकडे बघून आला असतास. पण तुझ्या शरीरातला तुकडा मी तुला फसवून मागणार नाही. आता तुला नाही म्हणायला माझ्याकडूनच कारण मिळालं आहे, आणि तू नाही म्हणालास तर त्यात तुझी चूक काही नाही. तपासणीला यावंसं वाटलं तर निरोप धाड. मी गाडी घेऊन स्टँडवर उभा राहीन, किंवा तुला माझं तोंड बघायचं नसेल तर मिर्ता येईल. दायामीला हे पत्र माहीत नाही. परवा शुक्रवारी मी डॉक्टरकडे गेलो आणि म्हणालो, डिसेंबरात मी खोटं बोललो, मला एक भाऊ आहे. तिने फॉर्मवर तुझं नाव लिहून घेतलं आणि विचारलं, येतील का ते? मी म्हणालो, विचारून सांगतो.

कुठल्या तोंडाने लिहू कळत नाही, तरी तुझाच,
एलादिओ